लोहाराच्या खोपटातील शाळा

मिसिसिपी ही उत्तर अमेरिकेतील एक महानदी. तिच्या वरच्या अंगाला थंडी इतकी कडक असते की हिवाळ्यात पाण्याचा पृष्ठभाग गोठून जातो आणि नावेऐवजी त्यावरून घसरगाड्या चालतात. अशा त्या मुलखात नदीकाठच्या एका उंच कड्यावर १८४७ साली दहा-वीस कुटुंबांची एक वस्ती होती. घरे झाडांच्या ओंडक्यांची. रहिवाशांपैकी निम्म्याहून अधिक लोक फ्रेंच बोलणारे. त्यांतील पुष्कळांचा धंदा रानातील जनावरांच्या केसाळ कातड्यांच्या व्यापाराशी जोडलेला. या वस्तीचे जुने नाव मोठे मजेदार होते. पियेर पारां नावाच्या एका दारू विकणाऱ्याने तेथे आपले दुकान थाटले होते. त्याचा एक डोळा अधू होता. त्यावरून लोक त्याला आणि पुढे त्या गावालाही ‘डुकराचा डोळा’ म्हणू लागले. १८४१ मध्ये ल्यूसियां गाल्तिए या कॅथलिक धर्मगुरूने तेथे संत पॉलच्या नावाने ओंडक्यांचे एक लहान प्रार्थनामंदिर बांधले, तेव्हा कोठे गावाला चारचौघांत सांगता येण्याजोगे नाव मिळाले : सेंट पॉल.

गावात दारूचे दुकान होते, प्रार्थनामंदिर होते, व्यापाऱ्यांच्या वखारी होत्या. शाळा मात्र नव्हती.

नदीचा पूर्वकाठ १८३७ च्या तहाने अमेरिकन सरकारकडे आला होता. पश्चिमकाठ अजून डाकोटा लोकांचा होता. हे या भूमीचे मूळचे रहिवासी. गोरे लोक त्यांना ‘सू’ म्हणत. सेंट पॉलपासून प्रवाहाच्या दिशेने काही मैल खाली गेले की पश्चिमतीरावर त्यांचे कापोसिया हे गाव लागे. तेथील प्रमुखाच्या निमंत्रणावरून डॉ. टॉमस विल्यमसन हे मिशनरी १८४६ मध्ये त्या गावी राहावयास आले. विल्यमसन हे व्यवसायाने वैद्य. पण चाललेला व्यवसाय सोडून १८३५ पासून ते डाकोटा लोकांत राहत होते, त्यांची भाषा शिकले होते, त्यांच्या मुलांना शिकवीत होते. त्यांना पाठविणारी संस्था ‘अमेरिकन बोर्ड’ या नावाने ओळखली जाई. ही संस्था महाराष्ट्राला परकी नाही. तिचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईस उतरले होते, आणि मुलींच्या शिक्षणासाठी तिने १८२७ मध्ये मुंबईस पाठविलेल्या सिंथिया फरार पुढे अहमदनगरास जाऊन आयुष्याच्या अखेरपर्यंत तेथेच शिकवीत राहिल्या.

विल्यमसन औषधोपचारासाठी सेंट पॉलला जात-येत. तेथील मुले अक्षरओळखीवाचून वाढत आहेत हे त्यांना पाहवेना. त्यांनी पूर्वेकडे पत्र लिहिले आणि एक शिक्षिका पाठविण्याची विनंती केली.

हे पत्र मोठे वाचनीय आहे, कारण त्यात भुलविण्याचा लवमात्र प्रयत्न नाही. नोकरीसाठी माणूस हवे असले म्हणजे जागेची स्तुती करण्याची जगाची रीत आहे. विल्यमसन यांनी उलट केले. आपण सुधारलेल्या जगाच्या अगदी कडेला राहतो, असे त्यांनी प्रथमच सांगून टाकले. तीनशे मैलांच्या आत पुस्तकांचे दुकान नाही, तेव्हा शाळेपुरती पुस्तके येणारीने बरोबर आणावीत. आरंभी बारा-पंधरा मुले मिळतील. पूर्वेकडील गावांतील सोयी आणि थाट तर सोडाच, तेथील स्वच्छताही येथे मिळणार नाही. मुलांचे प्रेम जिंकण्याची हातोटी जिच्या अंगी असेल तिला थोड्याच महिन्यांत वेळ पुरणार नाही एवढी मुले लाभतील. ती हातोटी नसेल तर तिने येऊच नये, असे या स्पष्टवक्त्या गृहस्थांनी लिहिले. आणि शेवटी त्यांनी एक अशी अट घातली की ती त्या काळी फारच थोड्यांना सुचली असती. येणाऱ्या शिक्षिकेच्या मनात कातडीच्या रंगावरून कोणाला उच्च-नीच लेखण्याची वृत्ती मुळीच असता कामा नये. कारण तिच्यापुढे इंग्रज, फ्रेंच आणि स्विस मुलांबरोबरच डाकोटा आणि ओजिब्वे मुले, आणि आफ्रिकी वंशाशी नाते असलेली मुलेही बसतील.

ही अट किती मोठी होती हे समजण्यासाठी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. हे पत्र लिहिले गेले तेव्हा अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या माणसांची खरेदी-विक्री कायद्याने चालू होती, आणि कित्येक राज्यांत गुलामांना वाचावयास शिकविणे हा गुन्हा होता.

पत्र न्यूयॉर्क राज्यातील ऑल्बनी शहरी कॅथरिन बीचर यांच्या हाती आले. ‘अंकल टॉम्स केबिन’ ही कादंबरी पुढे १८५२ मध्ये लिहून जगप्रसिद्ध झालेल्या हॅरिएट बीचर स्टो यांची ही थोरली बहीण. स्त्रियांनी शिकावे आणि शिकवावे, हा कॅथरिनबाईंचा ध्यास. हार्टफर्ड येथे १८२३ मध्येच त्यांनी मुलींसाठी विद्यालय काढले होते. पूर्वेकडील राज्यांत शिकलेल्या स्त्रिया आहेत, पण त्यांना काम नाही. पश्चिमेकडे नव्या वस्त्यांत मुले आहेत, पण त्यांना शिक्षक नाहीत. मग या दोहोंची गाठ का घालू नये, असा त्यांचा सरळ विचार होता. व्हरमाँट राज्याचे माजी गव्हर्नर विल्यम स्लेड यांच्या साहाय्याने या कामासाठी एक मंडळ उभे राहिले. निवडलेल्या तरुणींना काही आठवडे तयार करून सरहद्दीवर धाडावयाचे, असा त्याचा क्रम होता. येथे सरहद्द म्हणजे दोन देशांमधील सीमा नव्हे. गोऱ्या वसाहतवाल्यांची वस्ती जेथे संपते आणि अरण्य, माळराने व मूळच्या लोकांची गावे जेथे सुरू होतात, ती कड.

ऑल्बनी येथे जमलेल्या पहिल्याच तुकडीत हॅरिएट बिशप ही होती. व्हरमाँटमधील पँटन या खेड्यात १ जानेवारी १८१७ रोजी तिचा जन्म झाला. घराणे बाप्टिस्ट पंथाचे. धर्मप्रसाराचे कार्य करावे ही तिची ओढ. पण मधली काही वर्षे तिने न्यूयॉर्क राज्यातील शाळांत शिकविण्यात घालविली होती. वय तीस झाले होते. त्या काळच्या समाजात तिशीच्या अविवाहित स्त्रीपुढे फारशा वाटा नसत : भावाच्या घरी राहावे, आजाऱ्यांची शुश्रूषा करावी, किंवा पगार मिळेल तो घेऊन मुलांना शिकवावे. विल्यमसन यांचे पत्र ऐकून जाण्यास हॅरिएट तयार झाली. इतरांनी तिला धोके सांगून पाहिले. तिने ट्रंक भरली. तीत पुस्तकेही भरली.

१८४७ च्या जुलै महिन्यात ‘लिंक्स’ नावाच्या आगबोटीने ती कापोसियाच्या धक्क्याला लागली. पत्र लिहिणाऱ्या विल्यमसन यांच्याच घरी तिने पहिला मुक्काम केला. तेथून सेंट पॉलला ती डाकोटा स्त्रियांनी वल्हवलेल्या होडीतून गेली. ज्या लोकांविषयी तिने तोवर केवळ भीतीच्या गोष्टी ऐकल्या असतील, त्यांच्याच हातच्या वल्ह्यांनी तिला तिच्या शाळेपर्यंत नेऊन पोचविले.

आता शाळेविषयी. शाळा म्हणजे एका लोहाराने सोडून दिलेले खोपट. भिंती ओंडक्यांच्या, फटींत चिखल लिंपलेला, वर झाडाच्या सालींचे छप्पर. आतील तीन भिंतींत लाकडी खुंट्या ठोकून त्यांवर फळ्या टाकल्या होत्या; ते विद्यार्थ्यांचे बाक. एका फळीचे एक टोक ओंडक्यांच्या फटीत खुपसलेले आणि दुसरे खुर्चीवर टेकलेले, ही पाहुण्यांची बैठक. मध्ये एक डगमगणारे मेज. कोपऱ्यात कोंबडीने घरटे केले होते. तिने आपला हक्क सोडला नव्हता. उंदीर येत, आणि एखादे वेळी सापही निघे. फळा, नकाशा, घंटा यांचे नाव नव्हते.

पहिल्या दिवशी बोटांवर मोजता येतील इतकीच मुले आली. त्यांत गोरी मुले दोन. बाकीच्यांच्या अंगी आईकडून डाकोटा आणि बापाकडून फ्रेंच किंवा अन्य रक्त. त्यांच्यापैकी बहुतेकांना इंग्रजी समजत नव्हते आणि बिशपबाईंना फ्रेंच किंवा डाकोटा येत नव्हती. अडचण सुटली ती एका मुलीमुळे. तिला इंग्रजी, फ्रेंच आणि डाकोटा या तिन्ही भाषा येत होत्या. बाई बोलत, ती मुलगी तेच दोन भाषांत सांगे, आणि मुलांची उत्तरे पुन्हा त्याच वाटेने बाईंपर्यंत परत येत. या दुभाष्या मुलीवाचून सेंट पॉलची पहिली शाळा एक दिवसही चालली नसती.

मुलांना घरून स्वच्छ होऊन येण्याची सवय नव्हती. बाईंना नीटनेटकेपणाची भारी आवड. पण पत्रात दिलेला इशारा त्यांनी विसरला नाही. जुलै संपण्यापूर्वीच त्यांनी रविवारची धर्मशाळाही सुरू केली, आणि काही आठवड्यांतच तेथील मुलांची संख्या पहिल्या दिवसाच्या कितीतरी पट झाली. तेथे सर्वच गोष्टी सुरळीत होत्या असे नव्हे. गावातील फ्रेंच कुटुंबे कॅथलिक, बाई बाप्टिस्ट. पश्चिमेकडील मुलांवर कॅथलिक धर्मगुरूंचा प्रभाव पडू नये, ही ज्या मंडळाने बाईंना पाठविले त्याची एक चिंता होतीच, आणि बाईंच्या मनातही कॅथलिक पंथाविषयी पूर्वग्रह होता. तरीही त्या पंथाच्या आयांनी आपली मुले त्यांच्याकडे पाठविली.

हिवाळ्यात नदी गोठली म्हणजे आगबोटी बंद होत आणि बाहेरच्या जगाचा संबंध जवळजवळ तुटे. ज्या खोपटाला सालींचे छप्पर, तेथे असा हिवाळा काढणे कठीण. म्हणून बाईंनी गावातील स्त्रिया जमविल्या आणि एक शिवणमंडळ स्थापन केले. स्त्रिया हाती सुईदोरा घेऊन एकत्र बसत, शिवलेल्या कपड्यांचे पैसे मंडळाच्या खात्यात जमा होत. शाळेच्या इमारतीसाठी लाकूड विकत घेण्याचा पहिला हप्ता या पैशांतून दिला गेला. १८४८ मध्ये इमारत उभी राहिली. दिवसा तीत शाळा भरे. एरवी प्रार्थना, व्याख्याने, न्यायदान, निवडणूक अशी गावाची सारी सार्वजनिक कामे तेथे होत. पुढे मोठमोठ्या दगडी इमारती बांधणाऱ्या एका शहराची पहिली सार्वजनिक वास्तू सुईच्या कमाईतून निघाली, ही गोष्ट तेथील इतिहासकार आवर्जून सांगतात.

यानंतर काळ झपाट्याने पुढे सरकला. १८४९ मध्ये मिनेसोटा हा स्वतंत्र प्रदेश म्हणून जाहीर झाला आणि सेंट पॉल त्याची राजधानी बनले. त्याच वर्षी प्रदेशाच्या विधिमंडळाने सार्वजनिक शाळांचा कायदा केला. १८५० च्या शिरगणतीत शहराची लोकसंख्या ११०० च्या आसपास होती. १८६० मध्ये ती १०,००० च्या वर गेली. एवढ्या मुलांना एकट्या बाई कशा पुऱ्या पडणार? म्हणून १८५० मध्ये त्यांनी मुलींसाठी एक विद्यालय काढले. तेथे शिकून निघालेल्या तरुणींनी इतर गावी जाऊन शिकवावे, हा त्यांचा हेतू होता. १८५७ मध्ये त्यांनी मिनेसोटाच्या पहिल्या वर्षांवर ‘फ्लोरल होम’ नावाचे पुस्तक प्रसिद्ध केले. फुलांनी भरलेली माळराने, निर्मळ सरोवरे, कसदार जमीन यांचे त्यात तोंड भरून वर्णन आहे. पूर्वेकडील लोकांनी यावे आणि येथे घरे करावीत, असे आमंत्रणच त्यांनी दिले होते.

परंतु ती जमीन रिकामी नव्हती. १८५१ च्या दोन तहांनी डाकोटांकडून मिसिसिपीच्या पश्चिमेचा प्रचंड प्रदेश घेण्यात आला. कापोसियाचे लोक आपले गाव सोडून मिनेसोटा नदीकाठच्या एका अरुंद पट्ट्यात राहावयास गेले. विल्यमसन त्यांच्यामागून गेले. जमिनीच्या मोबदल्याचे हप्ते सरकारने देऊ केले होते. ते वेळेवर मिळत नसत, आणि जे मिळे त्यातील बराच भाग व्यापाऱ्यांच्या हिशेबात जाई. १८६२ च्या उन्हाळ्यात पिके बुडालेली, हप्ता आलेला नाही, कोठारात धान्य असूनही उधारीवर देण्यास व्यापारी तयार नाहीत, अशी स्थिती झाली. ऑगस्ट महिन्यात युद्ध पेटले. शेकडो वसाहतवाले मारले गेले. त्यांत बायका-मुलेही होती. काही आठवड्यांत सैन्याने डाकोटांचा पराभव केला. २६ डिसेंबर १८६२ रोजी मँकेटो या गावी ३८ डाकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी देण्यात आले. स्त्रिया, मुले व वृद्ध अशा सुमारे १६०० जणांना सेंट पॉलजवळच्या फोर्ट स्नेलिंग किल्ल्याखाली कुंपण घालून तो हिवाळाभर ठेवले. रोगराईने त्यांतील अनेक दगावले. १८६३ मध्ये उरलेल्यांना मिनेसोटातून बाहेर घालविण्यात आले.

त्याच १८६३ साली बिशपबाईंचे दुसरे पुस्तक निघाले. विषय होता हे युद्ध. ‘डाकोटा वॉर-व्हूप’, म्हणजे डाकोटांची रणगर्जना, असे त्याचे नाव. वसाहतवाल्यांवर कोसळलेल्या दुःखाचे वर्णन त्यात आहे, आणि ते दुःख खोटे नव्हते. पण डाकोटांविषयी त्यात क्रोधाखेरीज काही नाही. त्यांची भूक, बुडविलेले हप्ते, कुंपणातील मुले यांना त्या पुस्तकात न्याय मिळाला नाही. सोळा वर्षांपूर्वी ज्या बाईंनी डाकोटा आयांच्या मुलांना आपल्या फळीवर शेजारी-शेजारी बसविले, त्यांनीच हे लिहिले, याचा मेळ घालणे सोपे नाही. आणि चरित्रकारांनी तो ओढून-ताणून घालूही नये. वर्गातील दहा मुलांना आपली मानणे बाईंना साधले होते. एका संपूर्ण जमातीच्या बाबतीत, तेही भय आणि शोक यांनी शहर भरून गेले असताना, ते त्यांना साधले नाही.

याच वेळी ते पत्र लिहिणारे विल्यमसन कोठे होते? युद्धात त्यांना आणि त्यांच्या कुटुंबाला रात्री घर सोडून पळावे लागले होते. सर्वस्व गमावले होते. हिवाळ्यात ते मँकेटोच्या तुरुंगात डाकोटा कैद्यांकडे जाऊ लागले. तेथे बेड्या घातलेले शेकडो कैदी डाकोटा भाषेत लिहा-वाचावयास शिकले. त्यांनी आपल्या बायका-मुलांना पत्रे लिहिली. त्यांतील काही आजही जपून ठेवलेली आहेत. कैद्यांची सुटका व्हावी म्हणून विल्यमसन यांनी पुढे सरकारदरबारी खटपट केली. गोऱ्या शहरवासीयांना हे मुळीच रुचले नाही.

बाईंचे पुढील आयुष्य सुखाचे झाले नाही. १८५८ मध्ये त्यांनी जॉन मकाँकी या विधुर गृहस्थाशी विवाह केला होता. पण तो टिकला नाही. १८६७ मध्ये काडीमोड होऊन त्यांनी आपले माहेरचे नाव पुन्हा धारण केले. दारूने घरे कशी उद्ध्वस्त होतात हे त्यांनी ‘डुकराच्या डोळ्या’च्या त्या जुन्या वस्तीत पाहिलेच होते. दारूबंदीसाठी त्यांनी गावोगाव व्याख्याने दिली, आणि १८७७ मध्ये स्त्रियांच्या दारूबंदी संघटनेची मिनेसोटातील शाखा उभारण्यात भाग घेतला. स्त्रियांना मताधिकार मिळावा म्हणूनही त्या झटल्या. तो मिळालेला पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. ८ ऑगस्ट १८८३ रोजी सेंट पॉल येथे त्यांचा अंत झाला.

सेंट पॉलच्या कड्यासमोर मिसिसिपीच्या पात्रात एक बेट होते. बिशपबाईंच्या नावावरून त्याला ‘हॅरिएट बेट’ म्हणू लागले. शहराचे आरोग्याधिकारी डॉ. जस्टस ओहागे यांनी ते स्वतःच्या पैशाने विकत घेऊन १९०० मध्ये शहराला दिले, आणि गोरगरिबांच्या मुलांना पोहता यावे, न्हाता यावे म्हणून तेथे सार्वजनिक स्नानघरे उघडली. १९५० मध्ये बेटामागचा ओहोळ बुजविण्यात आला. तेव्हापासून ते पश्चिमतीराला जोडले गेले आहे. नावात मात्र बेट तसेच राहिले.